मावशीच्या नावावर माझा अंगठा

पोस्टातल्या माझ्या सगळ्या नोकरीत मी एकदाच खोटा अंगठा उठवला. अंगठा माझा होता, नाव एका बाईचं. त्याबद्दल वरून कधी चौकशी झाली नाही, कुणाला संशयही आला नाही. त्या बाईला मी स्वतःच सांगितलं, आणि सांगायला फार उशीर लावला.

साठ सालानंतरची पहिली दोन-चार वर्षं. भिलाईत रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता; भट्ट्या पेटल्या होत्या, पण बांधकाम संपलं नव्हतं. सेक्टरांना नंबर मिळाले होते, रस्ते मात्र अजून मुरमाचेच. आमचं पोस्ट ऑफिस पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये होतं. मी गोंदियाकडच्या खेड्यातला, घरातला पहिला मॅट्रिक आणि आमच्या वस्तीतला पहिला सरकारी नोकर. रजिस्ट्रीच्या खिडकीवर बसायचो. लोक मला 'बाबू' म्हणायचे. माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून 'मालक, मालक' केलं होतं. त्यामुळे कुणी मला बाबू म्हटलं की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

रशियन इंजिनियर आणि त्यांची कुटुंबं गावात होती, म्हणून आमच्या एवढ्याशा ऑफिसात परदेशी रजिस्ट्री बरीच यायची. ती मुंबईला उतरायची, मग नागपूर, दुर्ग करत आमच्याकडे. वाटेत जिथे जिथे हात बदलायचा तिथे तिचा नंबर वहीत चढायचा आणि घेणाऱ्याची सही व्हायची. आमच्याकडे आली की पाकिटाच्या पाठीवर आम्ही त्या दिवसाचा शिक्का मारायचो. काही पाकिटांना दोऱ्यानं एक गुलाबी कार्ड बांधलेलं असायचं. त्यावर फ्रेंचमध्ये छापलेलं असे, कारण परदेशी टपालाची भाषा फ्रेंच. पत्र ज्याचं त्यानं त्या कार्डावर सही करायची, आम्ही तारखेचा शिक्का मारायचा आणि कार्ड आल्या वाटेनं परत पाठवायचं. मग तिकडे पाठवणाऱ्याला कळायचं की पत्र अमुक दिवशी अमक्याच्या हाती पडलं. सही येत नसेल तर अंगठा, आणि बाजूला साक्षीदाराची सही.

पत्र देता आलं नाही तर ते ठरलेले दिवस ऑफिसात राहायचं. अशी शिल्लक पत्रं रोज संध्याकाळी मोजायची, नंबर वहीत उतरवायचे, लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावायचं. मुदत संपली की पत्र परत. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि त्याचा मला गर्वही होता.

मावशी नात्याची नव्हती. माझ्या आईच्या माहेरच्या गावची, म्हणून मावशी. तिचा नवरा कारखान्यात खलाशी होता, जड लोखंड दोरखंडानं उचलणाऱ्या टोळीत. दोघं खुर्सीपारला एका खोलीत राहायची. मूलबाळ झालेलं नव्हतं. मी नवा आलो तेव्हा चार महिने तिच्याकडेच जेवलो. ती रशियन साहेबांच्या घरी झाडू-भांड्याचं काम करायची. त्यातल्या एका घरची बाई दुभाषी होती, हिंदी शिकून आलेली. तिला इथेच दिवस गेले, इथल्याच दवाखान्यात मुलगी झाली. परक्या मुलखात, आई जवळ नाही. मावशीनं सव्वा महिना तिला आणि पोरीला तेल लावलं, शेक दिला, डिंकाचे लाडू करून नेले. त्यांची डॉक्टरीण म्हणायची, लेकराला असं रगडू नका. दुभाषी बाई डॉक्टरणीसमोर मान हलवायची आणि ती गेली की पोरगी मावशीच्या पायांवर आणून ठेवायची.

ती पोर मावशीच्या पायांवर दीड वर्षाची झाली. मग त्यांची इथल्या कामाची मुदत संपली आणि सगळं कुटुंब रशियाला परत गेलं. जाताना बाईनं मावशीला सांगितलं, मी पत्र लिहीन, रजिस्टर करून, म्हणजे हरवणार नाही.

तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी मावशी माझ्या खिडकीशी यायची. रांगेत उभी राहायची नाही, बाजूनं डोकं घालायची.

"बाबू, आलं का माह्या नावाचं काई?"

"नाई ना मावशी."

"बरं. येईन." आणि जायची.

असं दोन वर्षं चाललं.

मग एका नोव्हेंबरात ते आलं. जाड पाकीट, चार रंगीत तिकिटं, आणि दोऱ्यानं बांधलेलं गुलाबी कार्ड. पत्ता हिंदीत, मोठ्या गोल अक्षरांत. मावशीचं नाव मी दोनदा वाचलं. पण मावशी धान कापायला भावाकडे, भंडाऱ्याच्या बाजूला गेली होती. तिचा नवरा सकाळी सहाला निघून अंधार पडल्यावर यायचा. पोस्टमन दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा 'घर बंद' असा शेरा.

मला काय करता आलं असतं ते मी पुढे शंभरदा मनात मोजलं आहे. मावशीच्या भावाला पोस्टकार्ड टाकलं असतं, तिच्या अंगठ्याची चिठ्ठी मागवली असती, तर पत्र मुदतीपेक्षा जास्त दिवस ठेवता आलं असतं. नवऱ्याला एका रविवारी बोलावून पोस्टमास्तरांपुढे उभं करता आलं असतं. यातलं मी काहीच केलं नाही. मुदतीचा शेवटचा दिवस आला आणि पत्र परत जाणार म्हणून मी घाबरलो. शिवाय ते मावशीच्या हाती मीच द्यावं, तिचं तोंड मीच पाहावं, अशी एक हावही होती. दुपारी खिडकी रिकामी झाल्यावर मी शाईच्या गादीवर डाव्या हाताचा अंगठा दाबला आणि पावतीवर, मग गुलाबी कार्डावर उठवला. बाजूला मावशीचं नाव लिहिलं, 'निशाणी डावा अंगठा', आणि खाली साक्षीदार म्हणून माझी स्वतःची सही केली. कार्ड त्याच दिवशीच्या थैलीतून गेलं.

पत्र आता वहीत 'दिलेलं' झालं होतं. म्हणून ते लोखंडी पेटीत ठेवता येईना. मी ते माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं. मावशी आली की द्यायचं.

आणि मी ते विसरलो.

याला मी कारण शोधत नाही. घरून माझ्या लग्नाचं पत्र आलं होतं, मुलगी पाहायला मी चार दिवस रजेवर गेलो, परतल्यावर डिसेंबरचा पगार, मनीऑर्डरींची झुंबड. पेटीतली पत्रं मी रोज मोजत होतो, त्यामुळे त्यातलं एकही विसरलो नसतो. हे मोजण्यात नव्हतं.

मावशी गावाहून आली ती नेमकी पगाराच्या दुसऱ्या दिवशी. खिडकीसमोर सत्तर माणसं, मी पावत्या फाडत होतो. बाजूनं डोकं आत आलं. "बाबू, आलं का काई?"

"नाई ना मावशी," मी म्हटलं. मानही वर केली नाही. जिभेला दोन वर्षांची सवय, तिनं आपलं नेहमीचं बोलून टाकलं.

"बरं. येईन," असं म्हणून ती गेली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचं ऑफिस पक्क्या इमारतीत हलवायचं ठरलं. एका सोमवारी मी टेबलाचे खण उपसत होतो आणि जुन्या फॉर्मांच्या खालून ते पाकीट निघालं. लोहखनिजाची लाल धूळ त्याच्या कडांना बसली होती. मी ते पोटाशी दाबून वाकलो. शेजारच्या बाबूनं विचारलं, "क्या हुआ, चक्कर आया?" मी हो म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळी सायकल काढून मी खुर्सीपारला जायला हवं होतं. इथपर्यंत जे झालं ते बेफिकिरी होती, मूर्खपणा होता. पुढचे तेरा दिवस मात्र मी पूर्ण शुद्धीत होतो.

मी हिशेब करत बसलो. पाकिटाच्या पाठीवर नोव्हेंबरचा शिक्का. वहीत नोव्हेंबरची नोंद. मावशीला मी डिसेंबरात 'आलं नाही' म्हणालेलो. आता पत्र दिलं तर ती बाजारभर सांगणार, मले आज रशियाचं पत्र आलं. कुणीतरी पोस्टमास्तरांना विचारणार. ते वही उघडणार, अंगठा पाहणार. माझी नोकरी पक्की व्हायला तीन महिने उरले होते. गावी दोन भाऊ शिकत होते, लग्न ठरत होतं. रोज सकाळी मी पाकीट पिशवीत घालून ऑफिसात न्यायचो आणि रोज संध्याकाळी घरी परत आणायचो. मंगळवारी वाटलं, उद्या. बुधवारी वाटलं, नवीन इमारतीत सामान लागू दे. शुक्रवारी वाटलं, हळूच पोस्टाच्या डब्यात टाकून द्यावं, कुणाला काय कळणार. मग पुढचा सोमवार, मंगळवार. मावशी मधे एकदा येऊन विचारून गेली. तेव्हा पाकीट माझ्या पायाशी पिशवीत होतं. मी नाही म्हणालो.

रविवारी दुपारी शेवटी गेलो. मावशी आणि तिचा नवरा दोघंही घरी होते. मी पाकीट पुढे केलं, शिक्क्याची बाजू खाली धरून.

"मावशी, आलं वो."

तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, बोटांनी तिकिटं चाचपली. तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्याला आकड्यांपुरतं यायचं, म्हणून माझी नजर त्याच्यावर होती. "तूच फोड, तूच वाच," ती म्हणाली, आणि पदर सावरून समोर बसली.

आतून पोरीचा फोटो निघाला. चार वर्षांची, केसांना मोठी पांढरी रिबीन. मावशी फोटोकडे पाहून हसत होती आणि मी वाचत होतो. पत्र हिंदीत होतं. पहिली ओळ मात्र मराठीत, मावशीच्याच मराठीत, तिच्याकडून शिकलेली: "मावशी, मले तुमची लय आठवण येते." मावशीनं ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

मग पुढचं. तिच्या नवऱ्याला तीन महिन्यांसाठी पूर्वेकडच्या एका नव्या कारखान्याच्या जागेवर पाठवत होते. ती आणि मुलगी सोबत येणार होत्या. भिलाईला उतरायची परवानगी नव्हती, सगळा गट एकत्र जायचा होता. पण मुंबईहून हावड्याला जाणारी मेल दुर्गला थांबते. जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी. 'आप स्टेशन पर आइए. मैं दरवाज़े पर खड़ी रहूँगी. बच्ची को देखिए, आपके हाथ की है.' नवा पत्ता अजून ठाऊक नाही, उत्तर लिहायचं तर मॉस्कोला आईच्या पत्त्यावर लिहा, असं खाली होतं.

मी कागदाची घडी घालू लागलो.

"गुरुवार कोन्ता म्हने?" मावशीनं विचारलं.

"जानेवारीतला दुसरा."

"म्हंजे आता येनारा?"

तिच्या नवऱ्यानं बोटं मोजली. "गेला तो," तो म्हणाला. "तेरवाच गेला."

मावशीनं फोटो पालथा करून मांडीवर ठेवला. "रशिया काय जवळ हाय?" ती म्हणाली, जणू माझीच समजूत घालत होती. "येता येता लेट झालं असन. तू कायले तोंड पाडतं, बाबू?"

आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. पाकीट तिथे पडलं होतं, पाठीवर शिक्का. मी म्हटलं, "मावशी, पाकीट मी नेऊ? तिकिटं चांगली हायेत."

"ने ना. तुह्याच हातून तर आलं."

खोलीवर जाऊन मी ते शेगडीत घातलं, तिकिटांसकट.

दुसऱ्या रविवारी तिनं मला उत्तर लिहायला बोलावलं. "लिव, पत्र लेट भेटलं म्हनून येता आलं नाई." लिहिता लिहिता मला कळलं की हे उत्तर मावशीला खोटं पाडणार. त्या बाईकडे गुलाबी कार्ड पोचलं होतं, नोव्हेंबरची तारीख, मावशीचा म्हणून अंगठा. ती आईच्या घरून निघाली तेव्हा मावशी येणारच या भरवशावर निघाली असेल. आणि आता हीच मावशी लिहीत होती, पत्र उशिरा मिळालं. मला हे सगळं दिसत होतं, तरी मी तिनं सांगितलं तसंच लिहिलं, रजिस्टर केलं आणि पावती तिच्या हातात दिली.

उत्तर आलं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलात माझी नोकरी पक्की झाली. मेमध्ये एका दुपारी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती अंगणात खाटेवर कुरड्या वाळवत होती. कारखान्याची धूळ बसू नये म्हणून वर जुनं लुगडं पांघरलेलं. कुरड्या परतवताना ती म्हणाली, "रागावली असन ती. मी काई वाईट केलं का तिचं?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं, अंगठ्यापासून शेगडीपर्यंत. उभ्यानंच सांगितलं, तिनं बस म्हटलं नव्हतं.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "त्या कार्डावर अंगठा तुहा?"

"व्हय."

"आन् नाव माहं."

"व्हय."

"तिनं तो माहा म्हनून पाह्यला."

"व्हय."

"गुरुवारच्या पह्यले पत्र तुह्याजवळ होतं?"

"व्हय मावशी. दहा दिवस होते मधात. गाडी गेल्यावरबी मी तीन दिवस…"

"दहा दिवस." तिनं लुगड्याचा कोपरा नीट केला. "पायी गेलं तरी दुर्ग तीन घंट्याचं हाय. नऊ दिवसांनी सांगतलं असतं तरी मी गेली असती."

मी आजवर ते दहा दिवस एकच चूक म्हणून धरत आलो होतो, तिनं ते एकेक करून मोजले. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. आत जाऊन तिनं वही आणि माझंच विसरलेलं पेन आणून खाटेवर ठेवलं.

"लिव. खरं लिव."

"माझं नाव लिवू?"

"मंग कोनाचं लिवतं? माहं तर तू एकडाव लिवलं."

मी हिंदीत लिहिलं. पत्र कधी आलं, कार्डावर कुणाचा अंगठा, कुणी किती दिवस दाबून ठेवलं. खाली माझं नाव, हुद्दा, ऑफिस. हे पत्र त्या बाईनं आमच्या खात्याकडे पाठवलं असतं तर माझी पक्की नोकरी एका दिवसात गेली असती. मावशीनं खाली अंगठा दिला. साक्षीला मी सही करायला गेलो तर तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि शेजारच्या बाईला हाक मारली.

ते पत्र गेलं. त्यानंतर दहा महिने मी टपालाची थैली उघडताना आधी खात्याचा लिफाफा शोधायचो, मग मावशीच्या नावाचं पाकीट. खात्याचा लिफाफा कधीच आला नाही. पाकीट आलं, पुढच्या वर्षी होळीच्या आसपास. तीच गोल अक्षरं. जाडी मात्र नव्हती, एखादाच कागद असावा. मी वहीत नंबर चढवला, पाठीवर शिक्का मारला आणि पोस्टमनच्या हवाली केलं. स्वतः न्यायची इच्छा झाली, पण नेलं नाही. संध्याकाळी पावती परत आली. तिच्यावर मावशीचा अंगठा होता, बारीक, कामानं रेषा झिजलेला. माझा ठसा भरीव उठला होता. दोन्हींत किती फरक होता ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं, वाचायला बोलावील. तोवर माझं लग्न झालं होतं. मी बायकोला सांगून ठेवलं होतं की मावशीकडून कुणी आलं तर ऑफिसात निरोप दे. आठवडा गेला. मग बायकोच एक दिवस म्हणाली, "मावशीनं ते पत्र शाळेच्या बाईंकडून वाचून घेतलं म्हणे. बाई सांगत होत्या, मावशी लय वेळ बसून होती."

"काय होतं त्यात?"

"ते नाई सांगितलं. मावशीनं त्यांना शपथ घातली म्हणे, कोनाले सांगू नका."

पुढच्या रविवारी बाजारात मावशी भेटली. भाजीच्या ढिगापाशी उकिडवी बसून वांगी निवडत होती. मी शेजारी बसलो. तिनं माझ्या आईची चौकशी केली, बायकोला कितवा महिना आहे विचारलं. पत्रात काय होतं ते विचारायला मी दोनदा सरसावलो. ती वांगी चाचपत राहिली.

"हे बिनबियाचे हायेत," ती म्हणाली. "घेऊन जाय तिच्यासाठी."

मी अर्धा शेर घेतली.